पाहुणे नसताना पाहिलेलं बडोदं

बडोदेकराकडे पाहुणा आला की गाडी ठरलेल्या रस्त्यानं धावते. लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबागेतलं म्युझियम, संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठानं फेरी. आणखी एक दिवस हाताशी असला तर पावागड-चांपानेर, नाहीतर थेट केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा. निघताना पाहुण्याच्या पिशवीत भाकरवडी आणि लीलो चेवडो कोंबायचा, की यजमानधर्म पुरा. माझं माहेर दांडिया बाजारातलं आणि सासर कारेलीबागेतलं, त्यामुळे दोन्हीकडचे पाहुणे फिरवून राजवाड्याचा ऑडिओ गाइड मला पाठ झालाय. दरबार हॉलमधल्या व्हेनिशियन फरशीपाशी पोचलं की पुढचं वाक्य मी आधीच पुटपुटते.

यंदा उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, जोडून रजा टाकली आणि पाहुणा कोणीच येणार नव्हता. म्हणून ठरवलं की जिथं तिकिटाला रांग लागते तिथं जायचंच नाही. बरोबर आत्या. ती मराठी शाळेत मास्तरीण होती, आता चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे कुरकुरतात पण जिना दिसला की चढते. राजवाड्याबद्दल तिला आदर आहे, रस मात्र नाही. "तो बघायला आख्खं जग येतं, आपण कशाला गर्दी करायची ने?" हे तिचं बडोदी मराठी, शेवटच्या "ने"सकट.

शुक्रवार

पतंग संपले होते, मांजा संपला नव्हता. रावपुऱ्यातल्या प्रत्येक तारेवर, लिंबाच्या प्रत्येक फांदीवर गुलाबी दोऱ्यांचे गुंते लोंबत होते. आत्याचा नियम असा की जुन्या शहरात मान वर करून चालायचं. तळमजल्यावर मोबाइलची कव्हरं, कुर्त्या, चष्मे, सगळ्या शहरांत असतं तेच. पहिल्या मजल्यापासून वर कोरीव लाकडी टेकू, सज्जे, रंग उडालेल्या झडपा. दुकानाची पाटी जिथं संपते तिथून जुनं बडोदं सुरू होतं.

सकाळी आधी खंडेराव मार्केटच्या मागचा फुलबाजार. मार्केटची इमारत १९०६ची, सयाजीरावांच्या कारभाराला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची. आता तिच्यात महानगरपालिकेची कचेरी आहे, त्यामुळे बहुतेक बडोदेकर तिथं कपाळाला आठ्या घालूनच शिरतो. मागच्या बाजूला मात्र पोत्यांवर झेंडू ओतलेला, शेजारी देशी गुलाब वजनावर, आणि भाव गुजरातीत सांगणारा माणूस आत्याशी घासाघीस करताना हळूच मराठीवर येतो. तिनं फुलं घेतली पाव किलो आणि गप्पा मारल्या दोन किलोच्या.

तिथून पायी तांबेकर वाडा. हा वाडा दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या मधल्या गल्लीत आहे, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे, आणि तरीही माझ्या ओळखीतल्या दहा बडोदेकरांपैकी नऊजणांनी तो आतून पाहिलेला नाही. विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदा राज्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. चार मजली मराठा वाडा. बाहेरून बघितलं तर जुनी मोठी इमारत, बस्स. समोर स्कूटर लावलेल्या, बाजूला झेरॉक्सचं दुकान.

रखवालदारानं वहीत नावं लिहून घेतली. "उपर सुधी जजो, पण दीवालने अडता नहीं," म्हणजे वरपर्यंत जा पण भिंतीला हात लावू नका, एवढंच बजावलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसला. जिना अरुंद, पायऱ्या उंच. आत्या कठड्याला धरून चढली. वरच्या खोलीत गेल्यावर आधी काहीच दिसलं नाही. झडपा अर्धवट मिटलेल्या, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर नुसता काळोख. आत्या म्हणाली, "थांब जरा, डोळे बसू देत." मग एकेक करत भिंत उजळायला लागली. आधी लाल, मग निळा, मग माणसं.

भिंतीवर चित्रं, कपाटाच्या दारांवर चित्रं, दोन खिडक्यांच्या मधल्या वीतभर पट्टीवरही चित्रं. एकोणिसाव्या शतकातल्या चितारानं जणू जागा सोडायची नाही अशी शपथच घेतलेली. कृष्णाच्या गोष्टी आहेत, महाभारत आहे, इंग्रज आणि मराठ्यांची लढाई आहे, रोजच्या जगण्यातले प्रसंग आहेत आणि मध्येच गोऱ्या मडमा उभ्या आहेत. देव, दिवाण आणि कंपनी सरकार एकाच खोलीत. आत्या एका लढाईच्या चित्रापुढे बराच वेळ थांबली. ती कोण जिंकतंय ते शोधत होती. चितारानं दोन्ही बाजूंच्या घोड्यांना सारख्याच मायेनं रंगवलंय, त्यामुळे निकाल लागेना.

मला सगळ्यात आवडली ती दाराजवळची खालची पट्टी. जिथवर माणसाचा हात, खांदा, पदर पोचतो तिथवर रंग झिजून चुना दिसतो. वर चित्र शाबूत. म्हणजे माणसं या चित्रांच्या अंगाला अंग घासत राहिली, दिवे लावत, पोरं दटावत. संग्रहालयात हे दिसत नाही, तिथं चित्राच्या आणि आपल्या मध्ये दोरी असते.

आम्ही असेपर्यंत तिसरं कोणी आलं नाही. शुक्रवारी सकाळी, शहराच्या भर मध्यात, कोणी नाही. वाड्याची देखभाल आणखी चांगली व्हायला हवी, हे तर उघडच आहे. पण पाहायलाच कोणी गेलं नाही तर मागणी कोण करणार?

दुपारी आत्याकडे मटारची उसळ-भात आणि झोप. चार वाजता दांडिया बाजारातल्याच अरविंद निवासात गेलो. लाल विटांचा बंगला, बाग, शांतता. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, आधी राज्याच्या नोकरीत, मग बडोदा कॉलेजात शिकवत. हा बंगला खासेराव जाधवांचा, त्यांच्याकडे ते राहायचे. मराठी ते इथंच शिकले. पुढे १९०८च्या जानेवारीत विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर त्यांनी ध्यान केलं तेही बडोद्यातच. बंगालचा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या माणसाच्या आयुष्यात बडोद्याची तेरा वर्षं आणि इतकी मराठी आडनावं आहेत, हे आमच्या शाळेत कोणी सांगितल्याचं आठवत नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मी सांगायचे. मुलं ऐकत नव्हती."

परतताना जुम्मादादा व्यायाम मंदिर. आखाडा उस्ताद जुम्मादादांचा, नावारूपाला आणला त्यांचे शिष्य राजरत्न माणिकरावांनी. माणिकरावांचं मूळ नाव गजानन यशवंत तांबे. निखळलेली हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असं जुनी माणसं अजून सांगतात. इतकं नाव झालेला शिष्य, पण पाटीवर आजही नाव गुरूचंच आहे. आतून पोरांचा दणदणाट ऐकू येत होता. आत्यानं फाटकातूनच नमस्कार केला, तिच्या भावाचा, म्हणजे माझ्या बाबांचा, खांदा इथंच बसवला होता म्हणे.

शनिवार

मुलगी आज आमच्यात आली, तिला शाळेला सुट्टी. नववीत आहे. घरात बाबांशी गुजराती, माझ्याशी मराठी आणि मोबाइलशी इंग्रजी बोलते.

कीर्तिमंदिराच्या समोरून मी आयुष्यभर जातेय. विश्वामित्री नदीच्या पुलाजवळ, दगडी, वर शिखरं, शिखरांवर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, त्यात अखंड भारताचा नकाशा. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांचं हे स्मारक १९३६ सालचं. आत जायचं कारण मात्र वेगळंच आहे. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. शांतिनिकेतनातला एवढा मोठा चित्रकार १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्यानं बडोद्याला येऊन या भिंती रंगवून गेला. कोणी कलेच्या शिक्षणासाठी बडोद्यात आला तर त्याला हे माहीत असतं. रिक्षावाल्याला नसतं, आणि त्याच्या मागं बसलेल्यालाही नसतं.

जाण्याआधी आत जाऊ देतात का ते चौकशी करून जावं, कधी दालन बंद असतं. आम्हाला मिळालं.

एका भिंतीवर गंगावतरण. एका भिंतीवर मीरेचं आयुष्य. एका भिंतीवर नटीर पूजा, रवींद्रनाथांच्या नाटकातली ती नर्तिका, जिनं राजाज्ञा मोडून बुद्धाची पूजा केली आणि जीव गमावला. चौथ्या भिंतीवर कुरुक्षेत्र आणि अभिमन्यू. चित्रं उंचावर आहेत, मान दुखते. मुलीनं सरळ फरशीवर बैठक मारली आणि मागं रेलली. मग मीही. आत्या खांबाला टेकून उभी राहिली, कारण एकदा बसल्यावर उठवायला दोघीजणी लागतात.

अभिमन्यूच्या भिंतीवर मी खिळले. लढाईची चित्रं काल वाड्यात पाहिली होती, तिथं घोडे आणि तलवारी एकमेकांवर चढलेल्या. इथंही गर्दी आहेच, रथ, हत्ती, धनुष्यं, पण सगळी रेघ एका बाजूला खेचते आणि आपली नजर नकळत त्या एकट्या पोराकडे जाते. ही भिंत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रंगवली गेली. मुलगी म्हणाली, "मम्मी, यात कोणाचा चेहरा रागावलेला का नाही?" मला उत्तर नव्हतं. आत्या म्हणाली, "ते दमलेत."

सयाजीराव १९३९च्या फेब्रुवारीत गेले. म्हणजे मीरा, नटी आणि अभिमन्यू त्यांनी पाहिलेच नाहीत. आपल्या घराण्याच्या स्मारकात पूर्वजांच्या पराक्रमाची चित्रं काढून घेणं किती सोपं होतं. त्याऐवजी नदी, एक संतीण, एक नर्तिका आणि एक हरलेला मुलगा. मला हे राजवाड्यापेक्षा मोठं काम वाटतं. नवरा याला आमचं "सयाजीराव-पुराण" म्हणतो. म्हणू दे.

बाहेर पडून पुलावर आलो तर चार-पाच माणसं कठड्यावरून वाकलेली. खाली काठाच्या चिखलावर मगर ऊन खात पडली होती. तोंड उघडं, अंगावर वाळलेला चिखल, शेजारी प्लास्टिकची पिशवी, आणि दोन हातांवर एक बगळा बिनधास्त. वीस लाखांच्या वरच्या वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात याचं आम्हाला इतकं काही वाटेनासं झालंय की २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांत शिरल्या तेव्हाच जगाला बातमी झाली. पाहायच्या असतील तर थंडीत, ऊन वर आल्यावर यावं. पुलावर गाडी थांबवू नये, मागचा हॉर्न वाजवतो.

मग काळा घोडा चौक ओलांडून कमाटीबाग. म्युझियमचा सापळा, म्हणजे १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला तो निळा देवमासा, प्रत्येक बडोदेकर मुलानं शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. चित्रांचं दालन मात्र घाईत सुटतं. ती इमारत १९१४ला तयार होती, पण विकत घेतलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येऊ शकली नाहीत आणि दालन उघडलं १९२१ साली. तिथं अर्धा तास काढला, रशियन चित्रकार निकोलस रोरिकच्या हिमालयापुढे थोडा जास्त. अकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्तीही याच म्युझियममध्ये आहेत. अकोटा म्हणजे आमच्या भाजीवालीचं गाव, आता शहरातच.

पण शनिवारचं खरं ठिकाण याच बागेतली संकल्पभूमी. डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती सयाजीरावांनी दिली, हे आम्ही अभिमानानं सांगतो. करारानुसार ते नोकरीसाठी १९१७ साली बडोद्याला आले, त्यानंतरचं आम्ही पटकन सांगत नाही. राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत घेणार नाहीत म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली, संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाली. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून झालं, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी या बागेत काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, एकही शब्द चढवून न लिहिता, म्हणून वाचताना जास्त लागतं.

वडाच्या झाडापाशी निळे झेंडे, मेणबत्त्यांचे ओघळ, ताजा हार. नागपूरकडून आलेलं एक कुटुंब होतं. आजोबा नातवाला मराठीत सांगत होते, आणि आम्ही बडोद्याच्या मराठी बायका बाजूला उभ्या राहून ऐकत होतो. ते इतक्या लांबून फक्त या झाडासाठी आले होते. राजवाडा पाहणार का विचारलं तर आजोबा म्हणाले, "वेळ उरला तर." मुलीनं घरी येताना विचारलं की महाराजांनी त्यांना घर का नाही दिलं. शिष्यवृत्ती देणारा राजा आणि खोली न देणारं शहर, हे दोन्ही बडोदंच. आत्या म्हणाली, "हे तुझ्या वर्गात सांग." बघू सांगते का.

रात्री शेवउसळ. वाटाण्याची उसळ, वर तर्री, वर शेव, वर हिरवी पात, बरोबर पाव. गुजरातेत हा पदार्थ बडोद्याचाच म्हणून ओळखला जातो.

रविवार

रविवारी नवरा सारथी. तो चरोतरचा, त्याला वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दाखवायची तर वावच दाखवायची, नुसत्या भिंती नकोत अशी त्याची मागणी. अहमदाबादजवळची अडालजची वाव सगळ्यांना माहीत असते. आपल्या दारातली सेवासीची वाव किती जणांना माहीत आहे? सिंधरोटच्या रस्त्यावर सेवासी गावात, रस्त्याला लागूनच. आजूबाजूला आता टॉवर उठलेत, फार्महाऊसच्या लग्नांच्या पाट्या आहेत, आणि मध्येच जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या. हिला विद्याधर वाव म्हणतात, शिलालेख १५४३चा.

खाली उतरत गेलं की पहिल्यांदा रस्त्याचा आवाज जातो, मग ऊन जातं, मग अंगाला गारवा लागतो. खांबांवर, तुळयांवर वेलबुट्टी. तळाशी पाणी होतं, पण त्यात प्यायच्या बाटल्या जास्त होत्या. नवरा पाटीदार, विहीर बघितली की आधी पाणी किती हातावर आहे ते बघतो. त्यानं कोरीवकामाकडे नंतर पाहिलं. आत्या वरच्याच टप्प्यावर बसली आणि तिनं आजव्याची गोष्ट काढली. जुन्या शहराला पाणी पाजणारं आजव्याचं धरण १८९२ला पुरं झालं, इंजिनिअर जगन्नाथ सदाशिवजी. पाणी पंपाशिवाय उतारानं शहरात येतं, आणि पूर्वेकडच्या भागाला ते अजून मिळतं. तिच्या लहानपणी "आजव्याचं पाणी" असं कौतुकानं म्हणायचे. नवरा म्हणाला, "आत्या, तमारा मराठी इंजिनिअर तो बराबर हता." शहराच्या एका टोकाच्या वावेत बसून दुसऱ्या टोकाच्या धरणाचं कौतुक, तेही दोन भाषांत.

दुपारी हजिरा. प्रतापनगरच्या पुढे, उंच चौथऱ्यावर अष्टकोनी मकबरा. अकबराचा सरदार आणि सलीमचा, म्हणजे पुढच्या जहांगीरचा, शिक्षक कुतुबुद्दीन मुहंमद खान इथं पुरलेला आहे. १५८३ला गुजरातच्या मुझफ्फरशहाविरुद्धच्या धामधुमीत तो मारला गेला. त्याचा मुलगा नौरंगखानही इथंच. आत थंड, बाहेर बाग, बागेत अभ्यासाला आलेली कॉलेजची मुलं आणि अभ्यासाला न आलेलीही. चौथऱ्यावरून आत्याच्या गुडघ्यांनी माघार घेतली. पंधरा मिनिटं पुरेत.

जाता जाता फतेगंजमधलं ई.एम.ई. मंदिर, ई.एम.ई. म्हणजे लष्कराचा इंजिनिअरिंग विभाग. दक्षिणामूर्तीचं देऊळ, लष्कराच्या हद्दीत, सैन्यानं १९६६ साली बांधलेलं, सगळं अॅल्युमिनियमच्या पत्र्यानं मढवलेलं. बांधून घेतलं ब्रिगेडियर यूजीन यांनी, ते स्वतः ख्रिस्ती. वेगवेगळ्या धर्मांच्या खुणा एकाच इमारतीत बसवल्यात. आवारात ठेवलेल्या जुन्या दगडी मूर्ती मला देवळापेक्षा जास्त आवडल्या. ओळखपत्र न्यावं, फाटकावर मागतात. मुलीचं शाळेचं चाललं.

सोमवार

मुलगी शाळेत, नवरा कामावर. आम्ही दोघी लहेरीपुऱ्याहून मांडवीकडे.

वाटेत न्यायमंदिर. बाजारासाठी म्हणून बांधायला घेतलेली ही इमारत १८९६ला न्यायालय होऊन उघडली, सव्वाशे वर्षं खटले पाहिले, आणि २०१८ला न्यायालय नव्या इमारतीत गेलं. आता दारं बंद आणि पायऱ्यांवर कबुतरं. आत्याच्या वडिलांची एक तारीख इथं बावीस वर्षं पडत होती, त्यामुळे तिनं इमारतीचं कौतुक करायला साफ नकार दिला.

सूरसागरच्या काठावर संगीत महाविद्यालय. १८८६ची गायनशाळा, गवई मौलाबक्षांनी सुरू केलेली. खिडकीतून तबल्याचा कायदा ऐकू येत होता, तोच तोच, चुकत आणि परत. बडोद्याच्या दरबारी गाणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर सरदार माने यांची मुलगी ताराबाई बडोदं सोडून निघून गेली, हे त्या काळचं केवढं प्रकरण. त्यांची मुलगी हिराबाई. तिचा जन्म मिरजेचा, पण गाण्याच्या जगात ती बडोदेकर झाली. आत्याला हे प्रकरण कालच घडल्यासारखं ठाऊक आहे. "मानेसाहेब फार चिडले होते," ती म्हणाली, जणू शेजारीच राहत होते.

मांडवीच्या आत बँक रोड. बँक ऑफ बडोदा १९०८ला याच भागात सुरू झाली, म्हणून रस्त्याचं नाव तसं. त्याच रस्त्यावर सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली, तिथून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि १९१०ला आपल्या खासगी संग्रहातली पुस्तकं घालून हे ग्रंथालय उभं केलं. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची, ती पेटी फिरत फिरत परत यायची. आत्याच्या आईनं लग्नाआधी नवसारीजवळच्या गावात अशाच पेटीतून पुस्तकं वाचली होती.

पुस्तकांच्या रॅकपर्यंत जायची परवानगी मागावी लागते. आम्ही मागितली, कारण आत पाहायचं आहे ती जमीन. लोखंडी रॅकचे मजले एकावर एक, आणि त्यांच्या मधली फरशी जाड काचेची. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खाली झिरपतो, पुस्तकाचं नाव वाचायला दिवा लागत नाही, आणि ज्या काळी दिवा म्हणजे आगीची भीती त्या काळी याला फार अर्थ होता. काच आता धुरकट हिरवी झालीय. खालून पाहिलं तर वर चालणाऱ्या शिपायाच्या चपलेचा तळवा दिसतो. आत्या काचेवर पाय ठेवायला घाबरली, मग एक ठेवला, मग दुसरा, आणि मग हसायलाच लागली.

मराठीची कपाटं लांबलचक. बडोद्यात मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८ला भरलं, याचं आम्हाला कोण कौतुक. पण या कपाटांतल्या कितीतरी पुस्तकांच्या मागं चिकटवलेल्या कागदावर शेवटचा तारखेचा शिक्का माझ्या कॉलेजच्या वर्षांतला. शेल्फावरच्या बाईंनी सांगितलं की वाचायला स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, बसायला जागा मिळत नाही इतकी येतात, पण आपापली पुस्तकं घेऊन. वाचनकक्ष खरोखर गच्च होता. मला ते वाईट वाटलं नाही. टेबल, पंखा, उजेड आणि शांतता फुकट मिळणं ही मांडवीत चैन आहे.

आत्यानं सभासदत्वाचा फॉर्म मागितला. बाई म्हणाल्या, "कोणासाठी?" आत्या म्हणाली, "माझ्यासाठी, आणखी कोणासाठी?" फोटो हवा होता, तो तिच्या पर्समध्ये निघाला, लाइट बिलाची प्रत नव्हती. समोरच्या गल्लीत झेरॉक्स आहे पण मूळ बिल घरी. म्हणून आता बुधवारी परत जायचंय, अकराच्या आत, आणि गाडी न घेता, कारण मांडवीत पार्किंग मिळत नाही. तिनं पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवायला सांगितलीत. दोन जाडजूड आहेत, ती मी उचलायची आहेत.